भुवईची घंटी

एप्रिल लागला की आमच्या नेरात घरोघरच्या अंगणात कूलर आडवे पडतात. मागच्या साली काळं पडलेलं गवत ताट्यांतून उपसायचं, टाकीतला गाळ खरवडायचा, पंप पाणी चढवतो की नुसताच गुरगुरतो ते बघायचं, आणि एकदाची मोटर फिरली की घरातल्या सगळ्यांनी त्याच्यासमोर तोंड नेऊन उभं राहायचं. वऱ्हाडातला उन्हाळा असा सुरू होतो. यंदाही झाला. शेजारच्या शोभावहिनींनी परवा भिंतीवरून विचारलं, "काहून वं, तुह्या घरचा कूलर नाही निघाला अजून?" मी म्हटलं, काढते उद्या. तो अजून मागच्या खोलीत जुनी चादर पांघरून उभा आहे आणि मी पंख्याखाली पदराने मान पुसत बसले आहे.

कारण विचाराल तर हसाल. कूलर सुरू झाला की त्याच्या घरघरीत घंटी ऐकू येणार नाही, असं मला अजून वाटतं. घंटी वाजवणारा माणूस गेल्या पावसाळ्यात गेला. त्याचं सगळं मीच केलं, तेरवीही पार पडली, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी काही वेडी झालेली नाही. पण कानाला कोण समजावणार? दुपारी घर गप्प झालं की तो आपला टवकारून बसतो. गेल्या उन्हाळ्यात लागलेली खोड आहे ती.

तो माणूस म्हणजे माझा नवरा. इथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवायचे. अख्खं गाव त्यांना सर म्हणायचं, मी एकटीच काय ते 'अहो' करत होते. मग कंटाळून मीही सर म्हणायला लागले. आमच्या पडवीत एक टेबल होतं, म्हणजे अजूनही आहे, आणि त्या टेबलावर मेलेल्या वस्तूंचा बाजार. बंद पडलेले रेडिओ, पोट फाडलेले चार्जर, रिमोट, खेळण्यातल्या मोटरी, डब्या-डब्यांतून रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टर. सर त्यातून काहीबाही जोडायचे. टाकी भरली की बोंबलणारा भोंगा, तुळशीची माती वाळली की पेटणारा लाल दिवा, असले उद्योग. एकदा टाळी वाजवली की लागणारा आणि पुन्हा वाजवली की विझणारा दिवा त्यांनी स्वयंपाकघरात लावला. मी भाकरी थापायला बसले तर दिवा लाग-विझ, लाग-विझ. चार भाकरी होईपर्यंत माझे डोळे दिपले. मी लाटणं घेऊन पडवीत गेले तर हे गृहस्थ वहीत लिहून घ्यायला तयार. म्हणे, थापण्याचा आवाज टाळीसारखाच असतो हे मला सुचलंच नव्हतं, तू मोठा शोध लावलास.

मी बडबडी आहे, हे तुमच्या एव्हाना लक्षात आलंच असेल. सर मला रेडिओ म्हणायचे, बंद करायचं बटण नसलेला. टेबलाशी मान खाली घालून बसायचे आणि मी दारात उभी राहून दिवसभराचं सगळं सांगायची. ते 'हं' म्हणायचे. ऐकत होते की नाही देव जाणे, पण हुंकार चुकायचा नाही.

मग खडू हातातून पडायला लागला. आधी आम्ही हसलो. मग शर्टाचं बटण लागेना, मग चमचा. नागपूरच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या झाल्यावर खुर्ची पुढे ओढली आणि हळू आवाजात सांगायला सुरुवात केली, तेव्हाच मला कळलं. डॉक्टर हळू बोलायला लागला की समजावं. स्नायूंचा आजार, मेंदू शेवटपर्यंत शाबूत राहणार, आणि अंग मात्र एकेक करून कामावरून रजा घेत जाणार. औषध नाही. मी विचारलं, म्हणजे बाहेरच्या देशातही नाही? ते म्हणाले, नाही. बसमध्ये सर खिडकीबाहेर बघत होते आणि मी आयुष्यात पहिल्यांदा नागपूर ते नेर एक शब्द न बोलता आले.

होळीपर्यंत हातपाय गेले होते. जीभ जड झाली होती, पण माझ्यापुरतं कळायचं. त्याच दिवसांत एकदा मी त्यांना भात भरवत होते आणि ते मधेच थांबले. म्हणाले, "नंदा, बोलणं जाईल थे जाईल. मले हाक मारता आली पाहिजे. तू अंगणात असशील, मी इथं. मले तुले बोलावता आलं पाहिजे." मी म्हटलं, मी कुठे जाते तुम्हाला सोडून, इथंच तर असते. त्यांनी मान हलवली, जेवढी हलत होती तेवढी. मग म्हणाले, टेबलाशी बस.

अशी मी वयाच्या पन्नाशीला त्या टेबलाशी बसले. ज्या टेबलाला मी आयुष्यभर नावं ठेवली, फडकं मारताना ज्याच्यावरून भांडणं केली, त्याच टेबलाशी. सरांची खाट पडवीतच आणली होती. ते तिथून सांगायचे आणि मी इकडे तारा जोडायची तापलेली इस्त्री, म्हणजे सोल्डरिंगची, हातात धरून घामाघूम. कथिलाची तार आधी इस्त्रीला लावायची नाही, सांधा तापवायचा, मग तार सांध्यावर आपोआप वितळते. मी तार इस्त्रीलाच लावायची. थेंब टपकन टेबलावर. "घाई कायले करून राह्यली? थंड होऊ दे त्याले," सर म्हणायचे. मी म्हणायची, तुम्हाला काय जातंय सांगायला, बोटं माझी भाजून राह्यली. मग ते हसायचे. हसू शेवटपर्यंत स्पष्ट येत होतं, शब्द नव्हते येत.

सांधा चमकला तर पक्का, भुरका दिसला तर कच्चा. कच्चा सांधा वरून जोडलेला दिसतो आणि आतून तुटलेला असतो. हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की मी स्वप्नातही भुरके सांधे बघायची. कोरांटीच्या फुलांची वेणी घालणारे माझे हात, पण पहिले कित्येक सांधे भुरके.

पहिली घंटी साधी होती. कॉम्प्युटरच्या जुन्या माऊसमधलं बटण काढून ते सरांच्या उजव्या तर्जनीखाली ठेवलं. तेवढ्या बोटात तेव्हा जीव होता. दारावरची जुनी घंटी त्याला जोडली, बॅटरीवर चालणारी, म्हणजे लाइट गेली तरी भीती नाही. दाबलं की टिंग, सोडलं की टाँग. ती वाजली तेव्हा मी पडवीतून मुद्दाम अंगणात गेले आणि तिथून ओरडले, हं, बोलवा आता. टिंग-टाँग. मी आत आले, पुन्हा बाहेर गेले. पुन्हा टिंग-टाँग. लहान पोरांसारखं आम्ही कितीतरी वेळ तेच केलं.

मोजून सांगायचं तर ते सुख काही आठवडेच टिकलं. बोट बटणावर टेकायचं, दाबायचं नाही. मग सरांनी दुसरी युक्ती सांगितली. दोन उघड्या तारा अगदी जवळजवळ, एकमेकींना न लागता. त्यावर बोट टेकलं की अंगातूनच इवलीशी वीज जाते, आपल्याला कळतही नाही, आणि पुढचे दोन ट्रान्झिस्टर तिला मोठी करून घंटीपर्यंत नेतात. दाबायचं कामच नाही, नुसतं टेकायचं. मी ते जोडलं, आणि या खेपेला सांधे चमकले.

आणि मग कूलर काढला.

वऱ्हाडात राहिलेल्या माणसाला सांगायला नको. कूलर म्हणजे ओला वारा. पडवीत कूलर लागला तशी घंटी आपोआप वाजायला लागली. दमट हवेनं त्या दोन तारांमध्ये ओल धरली, आणि बोट असो नसो, टिंग. मी धावत यायची, सर डोळ्यांनी नाही म्हणायचे. तारा पुसायच्या, पुन्हा टिंग. कूलर बंद करावा तर पारा कुठल्या कुठे गेलेला, पत्र्याची पडवी, आणि खाटेवर असा माणूस की ज्याला कपाळावरचा घाम पुसता येत नाही. त्या घामानंही तारा ओल्या व्हायच्याच. कूलर लावला तर घंटी खोटं बोलते आणि बंद केला तर माणूस उकडून निघतो, यातलं काय निवडायचं? शोभावहिनी म्हणाल्या, घंटी कायले पाह्यजे, मी बसतो ना त्यांच्यापाशी. त्यांचं बरोबर होतं. पण सरांना कोणीतरी पाशी बसणं नको होतं, त्यांना हाक मारायची होती. या दोन गोष्टींत फरक आहे, हे मला तेव्हा कोणालाच नीट सांगता आलं नाही.

एका दुपारी मी इस्त्री टेबलावर आदळली आणि सरांवर ओरडले. आजाऱ्यावर ओरडले. म्हटलं, मला नाही जमत, तुमचं तुम्ही बघा, मी काही इंजिनिअर नाही, मला नका हे शिकवू, मला तुम्ही बरे होऊन पाहिजे. हे शेवटचं तोंडातून गेलंच. सर माझ्याकडे बघत होते. ओठ हलायला फार वेळ लागायचा तेव्हा. मी जवळ गेले, कान तोंडाशी नेला. एकच शब्द आला. "भुवई."

सरांची भुवई गावात प्रसिद्ध होती. त्यांनी शाळेत कधी छडी उचलली नाही. उजवी भुवई वर गेली की वर्ग चिडीचूप. लग्नानंतर माझ्यावरही तो प्रयोग करून झाला होता, तो मात्र फसला. आता अंगातलं सगळं निजलं तरी ती भुवई जागी होती. हे मी रोज तोंड पुसताना बघत होते आणि मला सुचलं नव्हतं.

काय काय लागेल ते सरांनी एकेक शब्द करत सांगितलं, आणि सामान आणायला मी अमरावतीला गेले. उन्हानं बसच्या खिडकीचा पत्रा हाताला चटका देत होता. दुकानात मी डोळ्याला न दिसणारा उजेड टाकणारा दिवा आणि तो टिपणारा डोळा मागितला, चिठ्ठीशिवाय, तोंडपाठ. दुकानदार मुलगा चकित झाला. म्हणाला, पोराचा सायन्सचा प्रोजेक्ट आहे का ताई? मी म्हटलं, हो. मग त्यानं उत्साहानं मला काय काय दाखवलं, सुट्टीत घरी करण्यासारखं, भिंत आली की वळणारी गाडी, अंधार पडला की पेटणारा दिवा. मी सगळं बघितलं, कौतुक केलं. बसस्टँडवर आल्यावर रडायला आलं. हौस म्हणजे काय, तर ज्याच्यावाचून अडत नाही ते करणं. सरांनी जन्मभर हौस केली. टाळीचा दिवा लागला काय, न लागला काय, भाकरी होणारच होती. माझ्या वाट्याला त्याच तारा, तेच ट्रान्झिस्टर आले, पण हौस नाही आली. एक तार चुकली तर माझा माणूस भिंतीआड जाणार होता.

तेवढ्यात आमची पल्लवी परीक्षा संपवून अमरावतीच्या होस्टेलवरून घरी आली. एकुलती एक पोर. बापाला बघून दारातच थबकली, पण रडली नाही. थेट टेबलाशी आली आणि म्हणाली, मी काय धरू? ती पक्कड धरायची, मी सांधे करायची, आणि सर आता फक्त भुवईने शिकवायचे. मी रेझिस्टर त्यांच्या डोळ्यांपुढे धरून विचारायची, तपकिरी, काळा, नारिंगी? भुवई वर, म्हणजे हो. डोळे मिटले, म्हणजे नाही. एक छोटीशी पट्टी तयार झाली. ती सरांच्या चष्म्याच्या फ्रेमवर वरच्या बाजूला बसवली. दिवा भुवईवर उजेड टाकणार, भुवई वर गेली की परतणारा उजेड बदलणार आणि घंटी वाजणार. कागदावर सगळं चोख होतं. प्रत्यक्षात सरांच्या काळ्या दाट भुवईवरून उजेड परत येईचना.

पल्लवी उठली, आरशावर चिकटवलेली माझी चंदेरी टिकली घेऊन आली आणि तिनं ती बापाच्या भुवईवर लावली. टिंग.

त्या दिवशी शोभावहिनी ताक घेऊन आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. "बाई वं, सरायले टिकली कायले लावली?" मी काही सांगायच्या आत सरांनी भुवई उचलली. टिंग-टाँग. आधी वहिनी दचकल्या आणि मग पदरात तोंड घालून हसल्या. मी पण हसले, फार दिवसांनी. सर तर डोळ्यांत पाणी येईतो हसत होते, आवाज न करता. त्या संध्याकाळी मी कूलर पूर्ण वेगात लावला. ओलीची भीती आता नव्हती.

मला वाटलं जिंकलो. पण एक नवीन बिघाड निघाला. दुपारी चारच्या सुमारास घंटी आपोआप वाजायची. मी कामात असायची, बहुतेक वेळा टेबलाशीच, कारण मला आणखी चांगली पट्टी करायची होती, हलकी, घामानं न सरकणारी. घंटी वाजली की जायची. पाणी पाहिजे? डोळे मिटायचे. कूस बदलू? नाही. माशी बसली? नाही. म्हणजे खोटी वाजली. मी डोकं लढवलं. चारला ऊन पश्चिमेच्या खिडकीतून आत येतं, आणि उन्हातही तो न दिसणारा उजेड असतोच. म्हणजे ऊन घंटीला फसवतंय. मी खिडकीला पोतं बांधलं. तरी वाजली. पट्टीभोवती काळी टेप गुंडाळली. तरी वाजली. शेवटी पेचकस घेऊन पट्टीवरचा बारका स्क्रू फिरवला आणि तिची जाण कमी केली, म्हणजे भुवई चांगली वरपर्यंत गेल्याशिवाय ती वाजणार नाही. सर माझ्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा टिंग. मी पुन्हा पेचकस घेतला.

पल्लवीनं माझा हात धरला. "आई, ऊन नाही ते. बाबाच वाजवून राह्यले."

मी म्हटलं, काहीच नको म्हणतात तर कशाला वाजवतील? ती बापाशेजारी बसली. त्यांनी दोघांनी मिळून एक पद्धत काढली होती, मी टेबलात डोकं खुपसून बसले होते तेव्हा. ती मुळाक्षरं म्हणायची आणि पाहिजे त्या अक्षराला सर घंटी वाजवायचे. तिनं म्हणायला सुरुवात केली. क, ख, ग, घ. शाळेत शिरल्यासारखं वाटत होतं. प, फ, ब. टिंग. मग काना, वेलांटी, उकार, मात्रा करत ओकाराशी टिंग. भुवई किती जोर लावून वर जात होती ते मी तेव्हा बघितलं. स्क्रू मीच आवळला होता. य, र, ल. टिंग.

बोल.

एवढंच. त्यांचं बोलणं गेलं तेव्हापासून मी बोलायची थांबले होते. मला ते कळलंही नव्हतं. तोंडात बोलणं होतं, पण ते सगळं पाणी हवं का, दुखतंय का, तपकिरी की काळा. चार वाजता सर शाळेतून यायचे, टेबलाशी बसायचे आणि माझा रेडिओ सुरू व्हायचा. जन्मभराची ती वेळ. ती टळत होती म्हणून ते बोलावत होते, आणि मी खिडक्यांना पोती बांधत होते.

मी स्क्रू परत सैल केला. इस्त्री गार केली, टेबलावर फडकं टाकलं आणि खाटेला खेटून स्टूल घेऊन बसले. काय बोलावं सुचेना. मग म्हटलं, शोभावहिनींच्या वाळवणातल्या सरगुंड्यांना मुंग्या लागल्या. टिंग-टाँग. म्हटलं, मुंग्या लागल्या तर लागल्या, वर मलाच विचारतात की तुझ्या घरून आल्या का. टिंग-टाँग. तो हुंकार होता. ते 'हं' म्हणत होते. मग मी अशी काही सुटले म्हणता. ढाणकीचं माझं माहेर, बाजाराच्या दिवशी हरवलेली आमची शेळी, शाळेतल्या बाईंकडचं चुकलेलं बारसं, बसस्टँडवरची भांडणं, कोणाच्या घरी काय शिजलं. रोज चारला. सर ऐकायचे आणि घंटी द्यायचे. लहान हुंकार, मोठा हुंकार. टिंग आणि टाँग यांच्यामध्ये किती वेळ जातो त्यावरून मला त्यांचं मन कळायचं. फेकते आहेस, असं म्हणायचं असेल तर ते टाँग लांबवून ठेवायचे. भुवई वरच. मी म्हणायची, बरं बाई, थोडं वाढवून सांगितलं, आता खाली घ्या ती.

लोक हळहळायचे की बाई, कसा उन्हाळा आला तुझ्यावर. खरंच होतं. रात्रीची झोप नव्हती, अन्न गिळताना त्यांना ठसका लागला की माझा जीव जायचा. मी देवाला रोज शिव्या घालायची, आणि त्याच तोंडाने त्याला म्हणायची की सगळं ने, भुवई ठेव. हा काय मागण्यासारखा वर आहे? लोक मुलाबाळांना नोकरी मागतात, घर मागतात. मी बोटभर भुवई मागत होते, आणि ती मला मिळावी म्हणून गयावया करत होते. आज कूलर काढायचा म्हटलं की हे सगळं अंगावर येतं. पण खोटं का बोलू, ते चार वाजणंही येतं.

नवतपा लागला. ते नऊ दिवस आमच्याकडे कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही. त्या दिवसांत टाँग उशिरा यायला लागलं. आधी मला वाटलं, फेकते आहेस म्हणतायत. मग लक्षात आलं, वर गेलेली भुवई खाली यायलाही वेळ लागतोय. मग टिंगही उशिरा. मी वाक्य संपवून थांबायची, पंख्याकडे बघायची, कूलरचा आवाज ऐकायची, आणि मग कुठे टिंग. मी गोष्टी लहान केल्या. पल्लवी स्वयंपाकघरातून कान देऊन असायची. टिंग आलं की तिकडे भांडं ठेवल्याचा आवाज यायचा.

मग तो दिवस. तेव्हा पहिल्यांदा आभाळ भरून आलं होतं आणि जीव घुसमटवणारा उकाडा. मी त्यांना त्यांची आवडती गोष्ट सांगायला घेतली, माझ्या मामाच्या लग्नाची. ढाणकीला एकाच गल्लीत दोन लग्नं होती आणि आमचा बँड भलत्याच मांडवात जाऊन वाजवायला लागला, आणि आमचा नवरदेव त्याच्यामागे घोड्यावरून दुसऱ्याच्या दारात जाऊन उभा. त्या घोड्याशी आले की सरांचा हुंकार ठरलेला. मी घोड्याशी आले आणि थांबले.

काही नाही.

मी पुन्हा सांगितलं, घोडा नवरीच्या चुलत्याचा फेटा खायला लागला, हे कधी न सांगितलेलं वाढवून सांगितलं. ते माझ्याकडे बघत होते. डोळे पूर्ण जागे, अगदी माझ्या डोळ्यांत. घंटी गप्प.

मी उठले. टिकली सरकली असेल. नव्हती सरकली. तरी काढून नीट लावली. म्हटलं, आता. काही नाही. बॅटरी संपली असेल म्हणून नवीन घातली. काही नाही. मोबाइलचा कॅमेरा चष्म्यासमोर धरला; डोळ्याला न दिसणारा तो उजेड कॅमेऱ्यात जांभळा दिसतो, हे सरांनीच शिकवलेलं. जांभळा ठिपका लख्ख दिसत होता. मग मी चष्मा काढून टेबलावर नेला आणि भिंग घेऊन एकेक सांधा बघायला लागले. मी पुटपुटत होते, एक तरी कच्चा निघू दे. एक तरी भुरका निघू दे, देवा, माझ्याच हातचा बिघाड निघू दे, मी रात्रभर बसून दुरुस्त करेन. सगळे चमकत होते.

एकच तपासणी राहिली होती. मी खाटेशी आले. सरांच्या भुवईवरची टिकली हलकेच काढली आणि माझ्या भुवईवर लावली. त्यांचा चष्मा डोळ्यांवर चढवला. समोरचं सगळं अंधुक झालं, सरांचा चेहराही. आणि मी भुवई उचलली.

टिंग.

स्वयंपाकघरात भांडं पडलं. "आली, बाबा! आली!" पल्लवी धावत आली, कणकेच्या हातांनी, आणि चेहरा असा फुललेला की तिच्या लहानपणानंतर मी तो बघितला नव्हता. दारात येऊन तिनं आधी बापाकडे बघितलं. मग माझ्याकडे. चष्मा माझ्या नाकावर होता. मला काहीतरी बोलायचं होतं तिच्याशी, पण शब्द येईना, आणि माझी भुवई वरच राहिली होती, ती खाली घ्यायचं मला सुचत नव्हतं, म्हणून टाँगही वाजत नव्हतं.